पारोशी

डायलिसिसला नवीन बाई आली की पहिल्या दोन-तीन खेपा ती कोणाशी बोलत नाही. मग एक दिवस शेजारच्या पलंगावरून मान वळवून हळूच विचारते, "बाई, आंघोळीचं कसं करता वो तुम्ही?" किती दिवस जगणार, किडनी कुठून मिळणार, हे सगळं डॉक्टरला विचारून झालेलं असतं. हे मात्र डॉक्टरला विचारायची लाज वाटते. डॉक्टर आपले सांगतात, मानेतल्या नळीला पाणी लागू देऊ नका, ओल्या कपड्यानं पुसून घ्या. झालं. जिनं उभ्या जन्मात आंघोळीआधी चहाचं पातेलं चढवलं नाही, तिनं घरी जाऊन नेमकं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

म्हणून लिहायला बसले. मी काही लिहिणारी बाई नाही. समुद्रपूरला आमचं कपड्याचं दुकान आहे, साड्यांची बाजू मी सांभाळायची. गिऱ्हाइकाशी बोलायची सवय आहे, तसंच इथं बोलते. पलंगावरून पलंगावर सगळं सांगता येत नाही. आजूबाजूला माणसं असतात, मशीन वाजत असतं.

आमच्याकडची रीत

ज्यांना 'पारोसं' हा शब्द माहीत नाही अशी पोरं आता घरोघरी आहेत, म्हणून सांगते. सकाळी उठल्यापासून आंघोळ होईपर्यंत माणूस पारोसं असतं. पारोशानं देवाला हात लावायचा नाही, गॅसला नाही, लोणच्याच्या बरणीला तर नाहीच. माझी माय अल्लीपूरची. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. माय आम्हाला अंधारात उठवून नळाखाली बसवायची. ताप असो, परीक्षा असो, दोन लोटे तरी अंगावर पडलेच पाहिजेत. दवाखान्यात कोणाला पाहून आलं की आंघोळ, केस कापून आलं की आंघोळ, मयतीहून आलं की दारातच आंघोळ. उन्हाळ्यात तर दोनदा.

तेच मी सासरी आणलं. माझी सून अनुजा पुण्याची. कॉम्प्युटरवर काम करते. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या कपड्यांवर चहा करायला उभी राहिली. मी म्हटलं, बाप्पा, आता काय काय पाहायचं राहिलं. आंघोळ दुपारी बाराला, कधी संध्याकाळी. थंडीत एखादा दिवस गाळायचीसुद्धा. रोज साबण लावला की कातडी कोरडी पडते, असं तिच्या कातडीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणे. तुमच्या पुण्यात पाण्याची टंचाई आहे का गं, असं मी विचारायची. ती हसायची. उलटून कधी बोलली नाही. आणि मला ते पटलं नाही ते नाहीच. आजही पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. आजारपणानं माणूस शहाणं होतं वगैरे माझ्याकडून कोणी ऐकायला बसू नये.

ज्या दिवशी कळलं

पाय सुजायचे. सकाळी उलटी व्हायची. मी पित्त समजून सोडा पीत होते. शेवटी ह्यांनी दुकान बंद करून मला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी आंघोळ करून, चांगली साडी नेसून गेले होते. चार लोकांत जायचं म्हणून.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. रिपोर्ट पाहून त्यांनी आधी ह्यांना बसायला सांगितलं, मला नाही. तेव्हाच मला समजलं. दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत, डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल. हे म्हणाले, "गोळ्यानं नाई होत का मॅडम?" दुकानात गिऱ्हाईक भाव करतं, तसं ते बोलले. मॅडम नाही म्हणाल्या. ह्यांनी पुन्हा एकदा तेच विचारलं. मला त्यांची इतकी दया आली की स्वतःसाठी रडायचं सुचलंच नाही.

त्याच दिवशी मानेत नळी घातली. हातातली रक्तवाहिनी जोडून तयार व्हायला वेळ लागतो, तोवर ह्या नळीतून डायलिसिस. नळीची दोन तोंडं छातीवर लोंबत होती. ती सरळ हृदयापाशी जाते, तिथं पाणी गेलं, जंतू गेले तर खेळ खलास, असं नर्सबाईनं चांगलं दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच ओल्या कपड्यानं हातपाय पुसून दिले. हे खालून चहा घेऊन आले. मी तोंड फिरवलं. आधी पाणी तर पडू द्या अंगावर, असं म्हणून बसले. ह्यांना कुठं पाहावं ते समजेना. चहा गार होत चालला. मग मी तो पारोशानंच प्यायले आणि प्यायल्यावर हमसून हमसून रडले. किडन्या गेल्याचं रडू त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं.

दारातली खुर्ची

घरी आल्यावर मला स्वयंपाकघरात जाऊ नको असं कोणीही म्हटलं नाही. मीच गेले नाही. दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची आणि तिथून अनुजाला सांगायची, फोडणीत हिंग घाल, भाकरी उलट. मुलगा पुण्यालाच होता, तो सुटीला यायचा. अनुजा मात्र कॉम्प्युटर घेऊन आमच्याकडे राहायला आली ती आलीच. देवाची पूजा हे करू लागले. मी फुलं वेचून लांबून द्यायची. हे म्हणायचे, ये ना आत, देवाला काय तुझा आजार माहीत नाही का? मी जात नसे.

रोज सकाळी अनुजा गरम पाण्यात कापड पिळून माझं अंग पुसायची. कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यात. फार निगुतीनं करायची, माझी पोटची पोर असती तर इतकं केलं असतं की नाही माहीत नाही. पाठ पुसताना एकदा म्हणाली, "आई, स्वच्छ झालं की झाली ना आंघोळ?" मी म्हटलं, स्वच्छ होणं वेगळं आणि आंघोळ वेगळी. मग आंघोळ म्हणजे काय, असं तिनं विचारलं. खरंच विचारलं, चिडवायला नाही. मला सांगता आलं नाही. डोक्यावर पहिला लोटा पडतो तेव्हा क्षणभर कानांना काही ऐकू येत नाही, डोळे मिटतात, आणि कालचं सगळं अंगावरून उतरून मोरीत जातं. पुसून ते जात नाही. कितीही घासून पुसलं तरी मला कालचीच मी वाटायची.

एक गोष्ट मात्र मी दारातल्या खुर्चीवरून पाहत होते. अनुजा उजाडायच्या आत आंघोळ करून, केस बांधून मगच गॅस पेटवू लागली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी पारोशी बसलेली आणि ही न्हाऊन धुऊन माझ्या चुलीशी उभी. मला त्याचं कौतुक वाटायला पाहिजे होतं. पण मी तोंडावर पदर घेतला.

मंदा

माझी धाकटी बहीण मंदा अल्लीपुरातच दिलेली, मायच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मायचं सगळं तीच पाहायची. मी दवाखान्यातून आल्यावर ती भेटायला आली, पलंगावर मांडी घालून बसली आणि पिशवीतून तुरीच्या शेंगा काढत म्हणाली, "बाई, माह्याजवळ दोन आहेत. एक तुले घे." मला वाटलं शेंगांच्या पिशव्या. ती किडनीचं बोलून राहिली होती.

मी नको नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. तिचे मालक वासुदेवराव गरीब स्वभावाचे, म्हणाले की तिच्या मनात आहे तर मी आडवा येणार नाही. रक्तगट जुळला. मग तपासण्या सुरू झाल्या. मंदा अल्लीपूरहून एसटीनं यायची, उपाशीपोटी रक्त द्यायची आणि माझ्या पलंगापाशी बसून डबा खायची. तिला हसायला काही लागत नाही. ऑपरेशननंतर पहिलं काय करायचं ते तिनं ठरवून टाकलं होतं. शिकेकाई कुटून ठेवली होती. तुले असं न्हाऊ घालीन की वर्षभराची कसर निघेल, म्हणायची.

मी विश्वास ठेवायला लागले होते. आजारी माणसाला आशा करायची फार भीती वाटते, पण मंदा समोर असली की ती भीती टिकायची नाही. शेवटच्या एक-दोन तपासण्या राहिल्या होत्या. तेवढ्यात माय गेली.

मयतीचं पाणी

ऐन वैशाखात मंदाचा फोन आला. "बाई, माय गेली," एवढंच बोलली. अनुजा म्हणाली, गर्दीत जाऊ नका आई, डॉक्टरांनी सांगितलंय. तिचं बरोबर होतं. मी ऐकणार नव्हते हेही तिला माहीत होतं. तिला घरी ठेवून आम्ही दोघं गाडी करून गेलो.

मायला न्हाऊ घालायला बायांनी साड्यांचा आडोसा केला. पहिलं पाणी लेकींनी घालायचं. मला उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्ची दिली. मंदानं माझा हात धरून लोट्याला लावला आणि तिनंच ओतलं. जिनं जन्मभर दुसऱ्याला पारोसं राहू दिलं नाही, तिला आम्ही शेवटचं न्हाऊ घातलं.

मयत घराबाहेर पडली. त्यानंतर आमच्या माहेरची रीत अशी की घरात पाण्याचा घोटही कोणी घ्यायचा नाही, आधी लेकींनी डोक्यावरून, नेसत्या कपड्यांनिशी आंघोळ करायची. मग घर धुवायचं, मग बाकीच्यांनी. म्हाताऱ्या बाया उन्हात उभ्या होत्या. मला कोणीही आग्रह केला नाही, हे मुद्दाम लिहिते. उलट एक आत्या म्हणाली, शोभाले पुसून घेऊ द्या, बिमार आहे ते. कोणीतरी ओला रुमाल आणून माझ्या हातात दिला.

तो रुमाल हातात घेऊन मी बसले. मायसाठी ओला रुमाल. मला ते सहन झालं नाही. इतके महिने सगळं सहन केलं, सुया, मशीन, उपाशी राहणं, सगळं. तेवढं झालं नाही.

"मंदे, मले पण घाल," मी म्हटलं.

तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण नळी ती विसरली नव्हती. "नळीचं कसं वं बाई?" तिनं विचारलं. मग आम्ही दोघींनी डोकं लढवलं. गाडीत दुकानातली एक नवी साडी होती, तिची प्लास्टिकची पिशवी काढली. ती मानेभोवती, छातीवर गुंडाळली, कडांना चिकटपट्टी लावली, वरून पदर बांधला. मंदानं चहूबाजूंनी दाबून पाहिलं. कुठं फट राहिली नाही, असं आम्हा दोघींचं मत पडलं. दुकानात साड्या पावसाळाभर अशाच पिशव्यांत कोरड्या राहतात, माझ्या डोक्यात तेच होतं.

मग तिनं डोक्यावरून पाणी घातलं.

मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. माय गेली होती, मी भोकाड पसरून रडत होते, आणि तरी इतक्या महिन्यांत तेवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मंदा घालत गेली. मी पुरे म्हटलं नाही.

पिशवी काढली तेव्हा पट्टीची एक कड ओली होती. मंदानं पदरानं टिपली, हातपंख्यानं वारा घातला. एवढ्या उन्हात वाळून जाईल, मी म्हटलं. आणि घरी आल्यावर कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अनुजानं तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं. पण सुतकात, मायच्या मयतीच्या दिवशी, मी आंघोळ का केली याचा जाब सुनेला द्यायची माझी तयारी नव्हती. दवाखान्यात पट्टी बदलणाऱ्या पोरानं विचारलं तेव्हा घाम आला म्हणून सांगितलं.

थंडी

मायची तेरवी व्हायची होती. मशीन सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि मला थंडी भरली. साधी नाही. दात वाजायला लागले, पलंग हलायला लागला, बाहेर आग ओकणारं ऊन आणि माझ्यावर तीन ब्लँकेटं. सगळे धावले. त्यानंतरचं मला तुटक आठवतं. जुनी नळी काढली, मांडीत दुसरी घातली. अतिदक्षता विभागात किती दिवस होते ते हेच सांगतात.

नळीला पाणी कुठं लागलं, असं डॉक्टर मॅडमनं विचारलं. मी छताकडे पाहत राहिले. ह्यांना ठाऊकच नव्हतं, ते मयतीबरोबर गेले होते. पण मयतीहून आल्यावर माझे केस ओले होते, ते अनुजाला आठवलं. ती बाहेर गेली आणि तिनं मंदाला फोन लावला.

काय बोलली ते मला पुढं वासुदेवरावांकडून कळलं. "मावशी, तुम्ही आईंचा जीव घ्यायला निघाला होतात का?" असं ती म्हणाली. अनुजाही हे नाकारत नाही. त्या क्षणी कोणीही म्हणालं असतं. पण माझ्या मंदाला असं बोलल्याचं कळल्यावर माझ्या तोंडाला कुलूप लागलं. मी अनुजाशी बोलणं टाकलं. ती रोज येऊन माझं अंग पुसायची, मी हात वर करायचा म्हणजे करायची, कूस बदलायची म्हणजे बदलायची. दोघींत शब्द नाही. शेजारच्या पलंगावरच्या बाईला वाटलं मला ऐकू येत नाही.

मग एक दिवस मॅडम आल्या आणि ह्यांना आधी बसायला सांगितलं. जंतू हृदयापर्यंत पोचले होते. जीव वाचला, पण हृदयाची झडप खराब झाली. आता किडनी बदलायचं ऑपरेशन हे हृदय झेलणार नाही. हे म्हणाले, "पुढं कधी? वर्षा-दोन वर्षांनी?" मॅडमनं नाही अशी मान हलवली. ह्यांनी या खेपेला पुन्हा विचारलं नाही.

मंदा त्या दिवशी बाहेर बाकावर बसली होती. शेवटचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तो द्यायला आली होती. ह्यांनी तिला सांगितलं. तिनं तो रिपोर्ट पिशवीत परत घातला, मला न भेटता उठली आणि बसस्टँडवर गेली.

त्यानंतर ती आलीच नाही.

तिच्याविना

मी फोन करायची, ती उचलायची नाही. वासुदेवराव उचलायचे, म्हणायचे झोपली आहे. दुपारी बाराला मंदा झोपली आहे. मी निरोप धाडले, येजो म्हटलं, नाही तर मीच येते म्हटलं. तिकडून काही नाही. माय गेली, किडनी गेली, ते मी गिळलं. पण बहीण जिवंत असून मला तोंड दाखवेना, हे मला गिळवेना. डायलिसिसच्या चार तासांत मी दुसरा विचार करत नसे.

अनुजाशी मी बोलू लागले ते एका फालतू गोष्टीवरून. पाठ पुसताना कापड गार झालं, मी हुं केलं, ती सॉरी आई म्हणाली आणि कापड हातात तसंच धरून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तेव्हा ती म्हणाली की मावशींचा फोन मीही लावते रोज, त्या माझाही उचलत नाहीत.

एव्हाना हातातली जोडलेली रक्तवाहिनी तयार झाली. मांडीतलीही नळी काढली, जखम वाळली. आता डायलिसिस हातातून होतं, त्या डाव्या हातानं जड उचलायचं नाही, एवढंच. प्यायचं पाणी मात्र जन्मभर मोजूनमापून. अंगात पाणी साठलं की श्वास कोंडतो. म्हणून सकाळी एक बाटली भरायची, त्यातच चहा, ताक, गोळ्या सगळं बसवायचं. नागपुरी उन्हाळ्यात हे काय असतं ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

आंघोळीला आता डॉक्टरची मुभा होती. अनुजा बादली भरून ठेवायची, घ्या ना आई, आता काही होत नाही, म्हणायची. मी खांद्यापर्यंत घ्यायची. डोक्यावर घ्यायला लोटा उचलला की हात तिथंच थांबायचा.

अशात वासुदेवरावांचाच फोन आला. आवाज फार खाली गेला होता. "बाई, मयतीच्या दिवसापासून तिनं डोक्यावर पाणी घेतलं नाई," ते म्हणाले. अंगावर दोन मग घेते, कधी तेही नाही. विंचरणंही सोडलं. केसांत जट धरली आहे. गल्लीतल्या बाया म्हणतात देवीची जट आहे, हात लावू नका. एक जण तर हळदकुंकू वाहून गेली. मी काय करू ते मला सुचत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कसली देवी अन् कसलं काय. माझी बहीण दुःखानं कुजून राहिली आणि ह्या तिची पूजा करून राहिल्या. मी ह्यांना म्हटलं, गाडी काढा.

मंदाची न्हाणी

मंदा मागच्या अंगणात बसली होती. मला पाहून उठली, पदर पुढं ओढला. तो वास मी माझ्या बहिणीच्या अंगाला जन्मात कधी घेतला नव्हता. अनुजा माझ्यासोबत आली होती. ती वाकून मंदाच्या पाया पडली आणि मावशी, माझं चुकलं, म्हणाली. मंदानं तिला उठवलं. तुझं काही चुकलं नाही पोरी, असं काहीसं पुटपुटली. माझ्याकडे पाहिना.

मी म्हटलं, "चाल न्हाणीत."

"नको बाई."

"चाल म्हणते ना."

अनुजानं पाणी तापवलं. मंदाला पाटावर बसवलं, मी मागं स्टुलावर बसले. शिकेकाईचा डबा फळीवर तसाच होता, न उघडलेला. जट सुटण्यातली नव्हती. अनुजानं कात्री दिली, मी ती मुळाशी कापली. दारात दोन बाया उभ्या होत्या, त्या तोंडावर हात ठेवून निघून गेल्या. जाऊ देत. उजव्या हातानं लोटा भरला आणि मंदाच्या डोक्यावर ओतला.

ती किंचाळली. माझं मनगट घट्ट धरून ओरडली, "बाई, तुयावर उडून राह्यलं. सरक तिकडं."

"उडू दे. नळी नाई आता." मी पदर सरकवून तिला मान दाखवली. तिथं आता नुसता व्रण आहे. तिनं ओल्या बोटानं त्याला हात लावून पाहिला. मग मनगट सोडलं आणि खाली मान घालून बसली. मी घालत गेले. शिकेकाई चोळली, पुन्हा पाणी घातलं. मोरीतून काळं पाणी जात होतं. मीही जवळजवळ सगळी भिजले होते.

पाणी संपत आलं तेव्हा ती बोलली. मागं वळली नाही.

"तुयी किडनी माह्याजवळच राह्यली बाई. तिचं मी काय करू?"

तिची पाठ दिसत होती, मणका न् मणका मोजता येईल अशी. ओठ कोरडे पडून फाटलेले मी अंगणातच पाहिले होते. वासुदेवराव सांगत होते ते आठवलं, ही जेवतही नाही, पाण्याला नाही म्हणते. मी अनुजाला पेलाभर पाणी आणायला सांगितलं आणि तो मंदाच्या हातात दिला.

"सांभाळ तिले," मी म्हटलं. "भरपूर पाणी पेत जाजो. मले नाई चालत, त माह्या वाटचंही तूच पेत जाजो."

तिनं पेला दोन्ही हातांत धरला. केसांतून पाणी ओघळत होतं. मग तिनं घोट घेतला, दुसरा घेतला. मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. प्यायची इच्छा मलाही फार झाली होती, पण माझी बाटली सकाळीच संपली होती. तिनं पेला रिकामा करून खाली ठेवला.

मी म्हटलं, "आणखी एक."